ओळखा पाहू, मी कोण?



गेल्या सत्रात आपल्या होस्टेलवर प्रश्नमंजूषा झाली, ती बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यातली 'मूलद्रव्य ओळखा' ही फेरी माझ्याकडे होती. फेरीचा नियम सोपा होता. मूलद्रव्याचे उपयोग आणि त्याच्या शोधाची हकिकत सांगायची, टीमने नाव ओळखायचं. प्रश्न मी दिवाळीच्या सुट्टीत कळंबला घरी बसून काढले. बक्षीस म्हणून येताना कुंथलगिरीच्या पेढ्याचा बॉक्सही घेऊन आलो. फायनलला एक टीम पाच गुणांनी हरली आणि पेढे दुसऱ्या टीमने संपवले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण त्या हरलेल्या टीममधला फर्स्ट इयरचा एक मुलगा रात्री माझ्या रूमवर आला. म्हणाला, "दादा, हेलियमचं आमचं उत्तर बरोबर होतं. तुम्ही चूक दिलंत." मी म्हटलं, "अरे, पंचांचा निर्णय अंतिम असतो. जा, झोप आता." तो गेला. मला मात्र झोप लागली नाही, कारण त्याच्या बोलण्यात खात्री होती आणि माझ्याकडे फक्त उत्तरांचा कागद होता!

पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी त्या फेरीतले काही प्रश्न घेऊ, म्हणजे माझी चूक कशी झाली ते तुमच्या आपोआप लक्षात येईल. शिवाय कॅम्पसच्या ॲप्टिट्यूडला नाही, तरी केमिस्ट्रीच्या व्हायव्हाला उपयोग होईलच.

प्रश्न पहिला : आजीच्या ओट्यातले खडे

"मी भिंतीवर आहे, पानाच्या विड्यात आहे, तुमच्या हाडांत आहे. माझं नाव चुन्याच्या लॅटिन नावावरून पडलं. १८०८ साली विजेच्या मदतीने मला पहिल्यांदा वेगळं केलं. ओळखा, मी कोण?"

हे सोपं आहे. कॅल्शियम. पण हा प्रश्न मला सुचला तो पुस्तकातून नाही, आजीमुळे. आमच्या कळंब तालुक्यात येरमाळ्याला येडेश्वरी देवीची चैत्री यात्रा भरते. त्या यात्रेत चुना वेचण्याचा मान असतो. लाखो माणसं रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीला वाहतात. आजी दर वर्षी जायची. ओट्यात खडे गोळा करताना मी तिला विचारायचो, "आजी, हे तर दगड आहेत, चुना कुठंय?" ती म्हणायची, "भाजल्यावर कळंल."

आजीचं उत्तर केमिस्ट्रीच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड उरतो. त्यात पाणी घातलं की तो खदखदतो, गरम होतो आणि विरलेला चुना तयार होतो. तोच भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू परत चुनखडी बनतो. म्हणजे दगडापासून निघालो आणि भिंतीवर पुन्हा दगडच झालो. सिव्हिलवाल्यांना हे चक्र पाठ असेल.

आता शोधाकडे येऊ. चुना हजारो वर्षं माहीत होता, पण त्यात एक धातू लपलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लाव्हाझिएसारख्या दिग्गजाने १७८९ साली मूलद्रव्यांची जी यादी केली, तिच्यात चुन्यालाच मूलद्रव्य म्हणून बसवलं होतं! कारण त्या काळातल्या कुठल्याही भट्टीत चुन्याचे आणखी तुकडे पडत नव्हते. पुढे हम्फ्री डेव्हीने विजेची बॅटरी वापरली आणि १८०८ साली कॅल्शियम वेगळं केलं. लक्षात ठेवा, लाव्हाझिए आळशी नव्हता. त्याच्याकडे पुरावा जेवढा होता, तेवढंच उत्तर होतं.

प्रश्न दुसरा : कारखान्याचा धूर

"द्राक्षाच्या बागेत भुरी आली की मला धुरळतात. गाडीचा टायर माझ्यामुळे टिकतो. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करताना माझा धूर रसात सोडतात. मला कुणी शोधलं ते विचारू नका. ओळखा, मी कोण?"

उत्तर आहे गंधक. हा प्रश्न एका टीमने 'कॅल्शियम' म्हणून चुकवला आणि त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं. बहुतेक कारखान्यांत उसाच्या रसात चुन्याची निवळी आणि गंधक जाळून केलेला सल्फर डायऑक्साइड असं दोन्ही सोडतात. दोघं मिळून कॅल्शियम सल्फाइटचा साका तयार होतो, तो रसातला मळ घेऊन खाली बसतो आणि रसाचा रंगही उजळतो. आमच्या भागात ऊस आणि कारखाने दोन्ही आहेत, म्हणून प्रश्न काढताना मला ही खूण पुरेशी वाटली. पण 'साखर कारखान्यात वापरतात' एवढ्याच खुणेवर दोन उत्तरं येतात. टायरची खूण आली की मग गंधक पक्कं होतं. कच्चं रबर गंधकाबरोबर तापवलं की ते टणक आणि लवचिक होतं, हे चार्ल्स गुडइयरने १८३९ साली दाखवलं.

इथे पहिला धडा : उपयोग ही फक्त खूण असते, पुरावा नसतो. एकाच कामाला दोन मूलद्रव्यं चालू शकतात.

प्रश्न तिसरा : जांभळी वाफ आणि कोरडे ढग

"१८११ साली समुद्री शेवाळाच्या राखेतून माझी जांभळी वाफ वर आली. तुमच्या मिठाच्या पुडीवर माझं नाव छापलेलं असतं. चांदीबरोबर संसार थाटला की मला ढगात फवारतात. ओळखा, मी कोण?"

उत्तर आयोडीन. फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा हा बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार करायचा. शेवाळाच्या राखेवर काम करताना गंधकाम्ल जरा जास्त पडलं आणि जांभळ्या वाफेचे ढग उठले. थंड जागी त्याचे काळे चकचकीत स्फटिक जमले. हे नवं मूलद्रव्य आहे याची खात्री करायला मात्र आणखी दोन वर्षं आणि दुसरे शास्त्रज्ञ लागले. नाव पडलं ते ग्रीक भाषेतल्या 'जांभळा' या शब्दावरून.

ढगांची गोष्ट आम्हा मराठवाड्यातल्या पोरांना वेगळी सांगावी लागत नाही. आमच्या कळंबवरून मांजरा नदी वाहते, म्हणजे पाऊस झाला तर वाहते. मांजरा धरण आटलं तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ च्या पावसाळ्यात, तेव्हाच्या औरंगाबादहून विमान उडवून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले होते. त्याआधी २००३ मध्येही राज्यात असे प्रयोग झाले होते. थंड ढगांत यासाठी सिल्व्हर आयोडाइड वापरतात. त्याच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या स्फटिकाशी जुळते, म्हणून ढगातलं अतिथंड पाणी त्याच्यावर बर्फ होऊन बसतं. हा गुण बर्नार्ड व्होनेगट यांनी १९४६ साली अमेरिकेत दाखवला. उबदार ढगांत मिठासारखे पाणी ओढणारे कण फवारतात. पण ढगच नसेल तर सिल्व्हर आयोडाइड काय करणार? आमच्या गल्लीत लोक विमानाकडे बघून म्हणायचे, "आधी ढग तर आणा!" शास्त्रही तेच सांगतं.

(जाता जाता : टिंक्चर आयोडीनचा एक थेंब मेसच्या बटाट्यावर टाकून बघा. निळा-काळा डाग पडला की स्टार्च आहे. तो तुकडा मात्र खाऊ नका. मेसवाल्या काकांना माझं नाव सांगू नका.)

प्रश्न चौथा : आधी नाव, मग जन्म

"माझा शोध लागण्याआधीच माझं नाव ठेवलेलं होतं आणि त्या नावात एक संस्कृत शब्द होता. मी धातू आहे, पण कळंबच्या मे महिन्यात मला टेबलावर ठेवलं तर माझं पाणी होईल. तुमच्या रूममधला एलईडी दिवा माझ्यामुळे उजळतो. ओळखा, मी कोण?"

गॅलियम! याचा वितळणबिंदू फक्त २९.७६ अंश सेल्सिअस आहे. पुस्तकात लिहितात की ते तळहातावर वितळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो, तिथे तळहाताचीही गरज नाही. मेंडेलीव्हने आपल्या तक्त्यात ॲल्युमिनियमखालची एक जागा रिकामी ठेवली होती. तिथे येणाऱ्या मूलद्रव्याला त्याने 'एका-ॲल्युमिनियम' म्हटलं. त्यातला 'एका' म्हणजे आपलाच 'एक', ॲल्युमिनियमनंतरचं पहिलं. १८७५ साली फ्रान्सच्या लकॉक द बॉयबोद्राँ यांना वर्णपटात नव्या रेषा दिसल्या आणि गॅलियम सापडलं.

गंमत पुढे आहे. त्यांनी घनता मोजली ती ४.७ आली. मेंडेलीव्हने रशियातून कळवलं की ती ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. ज्याने धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता, तो ज्याच्या हातात धातू होता त्याला सांगत होता की तुझं माप चुकलंय! बॉयबोद्राँने 'माझा निर्णय अंतिम' असं म्हटलं नाही. नमुना शुद्ध केला, पुन्हा मोजलं आणि ५.९ आलं. हा प्रसंग प्रश्न काढताना मी मोठ्या कौतुकाने लिहून घेतला होता. त्यातून शिकलो काही नाही, ते पुढे दिसेलच.

प्रश्न पाचवा : जिथे मी घसरलो

"मी पृथ्वीच्या आधी सूर्यावर सापडलो. मी फुग्यात असतो, एमआरआय मशीनच्या चुंबकाला थंड ठेवतो. मी कोण आणि माझा शोध कुठे लागला?"

हेलियम, हे दोन्ही टीमनी सांगितलं. 'कुठे' याचं उत्तर माझ्या कागदावर होतं : विजयदुर्ग किल्ला, सिंधुदुर्ग जिल्हा, १८६८, नॉर्मन लॉकयर. एका टीमने तेच सांगितलं. दुसऱ्या टीमने सांगितलं, "गुंटूर, आंध्र." मी ते चूक धरलं आणि त्यावरच फायनलचा निकाल लागला.

विजयदुर्गाची ही गोष्ट मी शाळेपासून ऐकत आलोय. सहलीला गेलो तेव्हा किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे'ही पाहिले होते. महाराष्ट्राचा किल्ला, सूर्यावरचं मूलद्रव्य, आणखी काय पाहिजे! पण त्या रात्रीनंतर मी लायब्ररीत बसून वाचलं. हाती आलं ते असं :

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. सावली जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम अशी गेली. जमखंडीला जॉन हर्शेल, विजापूरला हेग, गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन आणि ब्रिटिशांचे टेनंट, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन असे निरीक्षक दुर्बिणी लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्यात एक पिवळी होती.

पिवळी रेषा म्हटलं की पहिला संशय सोडियमवर. मेसमध्ये आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते ना? तो मिठातला सोडियमच. त्याच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही नवी रेषा ५८७.६ वर होती. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा, पण सगळा खटला त्या फरकावर उभा आहे. ही रेषा सोडियमच्या जागी नीट बसत नाही, अशी शंका पॉगसन यांनी नोंदवली होती.

आणि लॉकयर? ते त्या दिवशी भारतात नव्हतेच! ते इंग्लंडमध्ये होते. ग्रहण नसतानाही या ज्वाळांचा वर्णपट पाहता येतो हे जान्सेन यांनी गुंटूरला दुसऱ्याच दिवशी करून दाखवलं आणि लॉकयर यांनी स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमध्ये. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, म्हणून फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. त्या पिवळ्या रेषेला डी-३ हे नाव आणि 'हे पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य असावं' हा विचार लॉकयर यांच्याकडून आला. अनेकांनी तो मानला नाही. २७ वर्षं हेलियम हे नुसतं एका रेषेचं नाव होतं. मार्च १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्से यांनी युरेनियमच्या एका खनिजावर आम्ल टाकलं, निघालेल्या वायूचा वर्णपट पाहिला आणि तीच पिवळी रेषा समोर आली. तेव्हा हेलियम पहिल्यांदा माणसाच्या हातात आलं.

मग विजयदुर्ग खोटा का? नाही. लॉकयर विजयदुर्गावर आले होते हे खरंच आहे, पण ३० वर्षांनंतर. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला त्यांनी तिथे तळ टाकला होता. माझा अंदाज असा की लॉकयर, ग्रहण आणि किल्ला हे तिन्ही खरे असल्यामुळे दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली. आणि १८९८ च्या त्याच ग्रहणाची आपल्या अभिमानाची दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली तुकडी घेऊन करमाळा तालुक्यातल्या जेऊरला गेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच होते. कळंबहून बार्शी-कुर्डुवाडी करून मी त्या जेऊरवरून रेल्वेने कितीदा पुण्याला गेलोय. खिडकीतून एकदाही वाटलं नाही की एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या माणसाने इथे उभं राहून सूर्याचा वर्णपट टिपला होता. खोट्या अभिमानापायी खरा अभिमान राहून गेला, दुसरं काय!

तर मूलद्रव्य ओळखायचं कसं?

या सगळ्यातून मी स्वतःसाठी तीन प्रश्न लिहून ठेवलेत. तुम्हीही जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

१. हा उपयोग कोणत्या गुणामुळे होतो? हेलियम फुग्यात भरतात ते हलकं आहे म्हणून. एमआरआयला वापरतात ते उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवच राहतं म्हणून.

२. तोच गुण आणखी कोणात आहे? हलका हायड्रोजनही आहे, तोही फुगा वर नेतो. पण हायड्रोजन पेट घेतो, हेलियम घेत नाही. म्हणून 'फुगा' ही कच्ची खूण आणि 'एमआरआय' ही पक्की.

३. 'शोध' म्हणजे नेमकं काय झालं? दिसलं, नवं म्हणून ओळखलं, की वेगळं काढून हातात घेतलं? चुना सगळ्यांना दिसत होता, कॅल्शियम १८०८ ला हातात आलं. आयोडीन एकाने पाहिलं, दुसऱ्यांनी ओळखलं. हेलियमची रेषा भारतात दिसली, इंग्लंडमध्ये तिच्यावर विचार झाला आणि वायू लंडनच्या प्रयोगशाळेत सापडला.

म्हणजे 'हेलियमचा शोध कुठे लागला' हा माझा प्रश्नच अर्धवट होता. गुंटूरलाही त्या दिवशी 'नवं मूलद्रव्य सापडलं' असं कुणी म्हटलं नव्हतं. पण रेषा कुठे दिसली असं धरलं तर गुंटूर बरोबर आहे आणि १८६८ साली लॉकयर विजयदुर्गावर होते हे कुठल्याच अर्थाने बरोबर नाही. त्या टीमचे गुण मी चुकीचे कापले.

फर्स्ट इयरच्या त्या मित्रा, हे मी तुला रूमवर येऊन सांगितलंच आहे, पण निकाल सगळ्यांसमोर लागला होता, म्हणून चूकही सगळ्यांसमोर मान्य करतो. तू म्हणालास, "जाऊ द्या दादा, पाच गुणांचं काय एवढं." तसं नाही. पुढे साइटवर, प्लँटवर कुणीतरी ज्युनिअर येऊन सांगेल की रीडिंग चुकलंय. तेव्हा त्याला 'जा, झोप' म्हणणारा इंजिनिअर मला व्हायचं नाही. पुढच्या वेळी कळंबहून येताना पेढ्याचा बॉक्स तुमच्या टीमचा.

आता तुमची पाळी

१. मी पत्र्याला गंज लागू देत नाही. तांब्यात मिसळलो की पितळ होतं. युरोपला जमण्याच्या कितीतरी आधी राजस्थानात जावरला माझी वाफ करून मला गाळत असत.

२. १६६९ साली हॅम्बुर्गला एका किमयागाराला मी चक्क मूत्रातून मिळालो. काडेपेटीच्या काडीवर नाही, पेटीच्या बाजूच्या पट्टीवर मला शोधा.

३. एके काळी मी मौल्यवान धातूंच्या पंक्तीत होतो. १८८६ साली दोन देशांतल्या दोन तरुणांनी वेगवेगळे राहून विजेने मला स्वस्त केलं. आता मेसच्या पातेल्यात असतो.

४. १८९८ साली माझं नाव अशा देशावरून ठेवलं, जो तेव्हा नकाशावर स्वतंत्र नव्हता.

५. सगळ्या धातूंत माझा वितळणबिंदू जास्त. जुन्या पिवळ्या बल्बची तार मीच. माझी संज्ञा माझ्या इंग्रजी नावाशी जुळत नाही.

उत्तरं : १. जस्त, २. फॉस्फरस, ३. ॲल्युमिनियम, ४. पोलोनियम, ५. टंगस्टन.

यातलं एखादं उत्तर चुकलंय असं वाटलं तर पुराव्यासकट माझ्या रूमवर या. या वेळी दार उघडं आहे!